कृत्रिम पाऊस : ढगातील पाण्यावरील अधिकार आणि उत्तरदायित्व (नाशिक जिल्हा व ऊर्ध्व गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात एक चिकित्सा)

सारांश

महाराष्ट्रात २००३, २०१५ आणि २०१९ या टंचाईच्या वर्षांत राज्य शासनाने मेघबीजनाद्वारे कृत्रिम पाऊस पाडण्याचे कार्यक्रम हाती घेतले. या कार्यक्रमांची चर्चा बहुधा 'पाऊस पडला की नाही' या एकाच प्रश्नाभोवती झाली. प्रस्तुत लेखात या विषयाच्या नैतिक अंगाची चिकित्सा केली आहे. मेघबीजन म्हणजे निसर्गात केलेली ढवळाढवळ, या नेहमीच्या आक्षेपापेक्षा उत्तरदायित्वाचा अभाव हा अधिक गंभीर प्रश्न आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. धरणातील पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी ज्या राज्याने कायदा केला, त्या राज्यात ढगातील पाण्याबाबत मात्र कोणीही कोणाला उत्तरदायी नाही. नाशिक जिल्ह्याची पर्जन्यस्थिती, पीकपद्धती आणि जायकवाडीचा पाणीवाद यांच्या आधारे ही विसंगती स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : मेघबीजन, पर्जन्यछाया, समन्यायी पाणीवाटप, सार्वजनिक विश्वस्त, उत्तरदायित्व, जायकवाडी.

१. प्रस्तावना

पावसाचा अंदाज घेणे आणि पावसाची याचना करणे या दोन्ही गोष्टी भारतीय कृषिसंस्कृतीत प्राचीन आहेत. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त मेघगर्भाच्या लक्षणांचे सविस्तर विवेचन आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत धोंडी काढण्याची, महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवण्याची आणि पर्जन्यासाठी जप-अनुष्ठान करण्याची रीत अलीकडच्या काळापर्यंत टिकून आहे. या सर्व प्रकारांत मनुष्य याचक असतो. पाऊस आला नाही तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

शासन जेव्हा मेघबीजनाचा कार्यक्रम हाती घेते, तेव्हा ही भूमिका मुळातून बदलते. तेथे मंत्रिमंडळाचा निर्णय असतो, निविदा असते, करार असतो आणि सार्वजनिक निधी खर्ची पडतो. कोणत्या ढगात, कोणत्या दिवशी, कोणत्या तालुक्यावर बीजन करावयाचे याचा निर्णय कोणीतरी घेत असतो. निर्णय आला की त्यामागोमाग जबाबदारीही यावयास हवी. महाराष्ट्रातील आजवरच्या प्रयत्नांत निर्णय आला, खर्च आला, आश्वासन आले. जबाबदारी मात्र आली नाही. या विषयाचे नैतिक मर्म येथे आहे.

२. शास्त्रीय दाव्याची व्याप्ती आणि मर्यादा

नैतिक चर्चेपूर्वी शास्त्र नेमके काय सांगते हे पाहणे अगत्याचे आहे, कारण जे शक्यच नाही त्याविषयी नीतीची चर्चा व्यर्थ ठरते आणि जे अंशतः शक्य आहे त्याविषयी अतिशयोक्ती घातक ठरते.

ढगातील जलबिंदू साधारणतः १० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. एक मिलिमीटर व्यासाचा पावसाचा थेंब तयार होण्यासाठी असे सुमारे दहा लाख बिंदू एकत्र यावे लागतात. उष्ण ढगांत मिठासारखे आर्द्रताग्राही कण सोडून ही प्रक्रिया वेगवान करता येते. ज्या ढगांचा माथा गोठणबिंदूच्या वर गेलेला असतो, तेथे सिल्व्हर आयोडाइडचे कण हिमस्फटिकांना बीज पुरवितात. अमेरिकेत १९४६ साली व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाचा आणि त्यापाठोपाठ बर्नार्ड व्हॉनेगट यांनी सिल्व्हर आयोडाइडचा गुणधर्म दाखवून दिला, तेथून आधुनिक मेघबीजनाचा आरंभ होतो. भारतात १९५१ सालीच पश्चिम घाटात जमिनीवरील यंत्रांद्वारे सिल्व्हर आयोडाइड सोडण्याचा प्रयत्न झाला होता.

या दोन्ही पद्धतींत एक अट समान आहे. ढग आधीच अस्तित्वात असला पाहिजे आणि त्यात पुरेसे पाणी असले पाहिजे. मेघबीजनाने ढग निर्माण होत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत प्रदूषण कमी करण्यासाठी केलेल्या बीजनातून जवळजवळ काहीच पाऊस पडला नाही. ढगांत आर्द्रता फारच कमी होती, हे त्याचे साधे कारण होते. 'कृत्रिम पाऊस' हा रूढ शब्द म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. पाऊस नैसर्गिकच असतो. त्याचे प्रमाण थोडे वाढविण्याचा प्रयत्न तेवढा कृत्रिम असतो.

हे प्रमाण किती, याविषयी महाराष्ट्रातच मौलिक संशोधन झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने (आयआयटीएम) १९७३ ते १९८६ या कालावधीतील अकरा पावसाळ्यांत पुण्याच्या पूर्वेकडील बारामती-अहमदनगर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात उष्ण ढगांवर मिठाचे बीजन केले. क्षेत्राचे उत्तर व दक्षिण असे भाग पाडून, मध्ये तटस्थ पट्टा ठेवून, कोणत्या दिवशी कोणत्या भागात बीजन करावयाचे हे यदृच्छेने ठरविले जात असे. या प्रयोगात पावसात सुमारे २४ टक्के वाढ आढळली. याच संस्थेने २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात केलेल्या 'कायपीक्स' प्रयोगाच्या चौथ्या टप्प्यात २७६ ढगांचा अभ्यास केला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत, तर वाऱ्याच्या दिशेकडील १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ दिसून आली.

याउलट अनुभवही नोंदविला पाहिजे. इस्रायलने आरंभीच्या आशादायक निष्कर्षांच्या बळावर अनेक दशके मेघबीजन केले. २०२० साली संपलेल्या नव्या यादृच्छिक प्रयोगात मात्र वाढ दोन टक्क्यांहूनही कमी, आणि तीही संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण नसलेली आढळली. त्यानंतर तो कार्यक्रम थांबविण्यात आला. योग्य ढग, योग्य स्थळ आणि योग्य वेळ यांचा मेळ जमला तर मर्यादित वाढ संभवते; एरवी नाही, इतकाच निष्कर्ष यातून काढता येतो.

३. प्रयोग आणि कार्यक्रम यांतील नैतिक भेद

वरील दोन्ही महाराष्ट्रीय प्रयोगांत एक कठोर बाब होती. पर्जन्यछायेच्या प्रदेशात, जेथे प्रत्येक सर मोलाची, तेथे संशोधकांनी काही ढग हेतुतः बीजन न करता जाऊ दिले. २०१८ साली तर ऑक्टोबरमध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला होता. अशा वेळी पाऊस वाढविण्याचे साधन हाती असताना ते रोखून धरणे निर्दयपणाचे वाटू शकते. तथापि, बीजन न केलेल्या ढगाशी तुलना केल्याखेरीज बीजनाचा परिणाम कळण्याचा अन्य मार्ग नाही. ढग एकदा बरसला की बीजनाविना तो किती बरसला असता हे सांगणे अशक्य असते.

शासनाचे कार्यक्रम नेमके याच्या उलट होते. २००३ साली अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने राज्यात मेघबीजन झाले. २०१५ साली औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून विमानाद्वारे बीजन करण्यासाठी सुमारे २७ कोटी रुपयांचा, तर २०१९ साली सुमारे ३० कोटी रुपयांचा कार्यक्रम आखण्यात आला. हे सर्व टंचाई निवारणाचे उपाय म्हणून राबविले गेले; बीजन न केलेल्या ढगांशी तुलना करणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. परिणामी, बीजनानंतर पडलेल्या पावसाचे श्रेय कार्यक्रमाला देता आले आणि पाऊस न पडल्यास दोष ढगांवर ढकलता आला. योगायोग असा की, २००३ सालीच अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने, हेतुपूर्वक केलेल्या हवामान-परिवर्तनाच्या परिणामकारकतेचा खात्रीशीर वैज्ञानिक पुरावा अद्याप उपलब्ध नाही, असा अहवाल प्रसिद्ध केला होता.

नैतिक दृष्ट्या या दोहोंत अधिक समर्थनीय कोण? वरकरणी करुणा कार्यक्रमाच्या बाजूला दिसते. परंतु प्रयोगात ज्या शेतकऱ्यावरचा ढग सोडून दिला, त्याच्या हानीच्या मोबदल्यात पुढील पिढीसाठी ज्ञान तरी शिल्लक राहिले. तीन वेळा राबविलेल्या कार्यक्रमांतून मात्र चौथ्या वेळी वापरता येईल असे ज्ञान हाती आले नाही. आपत्तीग्रस्ताला आशा द्यावयाची, पण ती खरी होती की खोटी हे तपासण्याची सोयच ठेवावयाची नाही, हा करुणेचा प्रकार म्हणता येत नाही.

४. पाऊस नेमका कोणाला हवा? नाशिकचे उदाहरण

कृत्रिम पावसाच्या समर्थनात 'पाऊस सर्वांनाच हवा असतो' हे गृहीत अनुस्यूत असते. नाशिक जिल्ह्यात हे गृहीत टिकत नाही.

सह्याद्रीच्या कुशीतील इगतपुरी येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जावे तसे पर्जन्यमान झपाट्याने घटते आणि सिन्नर, येवला, नांदगाव या तालुक्यांत ते ५०० मिलिमीटरच्या आसपास येते. एकाच जिल्ह्यात अतिवृष्टीचा आणि अवर्षणाचा असे दोन्ही प्रदेश नांदतात. जुलै २०१५ मध्ये रॉकेटच्या साहाय्याने ढगांत रसायन सोडण्याचा प्रयोग येवला तालुक्यातील सायगाव येथे झाला, तो या पर्जन्यछायेमुळेच.

प्रश्न केवळ स्थळाचा नाही, पिकांचाही आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येवला-नांदगावकडील मका आणि बाजरी दाणे भरण्याच्या अवस्थेत पावसाची वाट पाहत असतात. त्याच सुमारास बागलाण तालुक्यात हंगामपूर्व द्राक्षांच्या छाटण्या झालेल्या असतात आणि निफाड-दिंडोरी पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी बहाराच्या छाटण्या सुरू होतात. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर आलेला पाऊस डावणीला आमंत्रण देतो. घडांची कूज आणि गळ होते. एका तालुक्याला जीवदान देणारी सर शेजारच्या तालुक्यातील बागायतदाराचे वर्ष बुडवू शकते. निसर्गाने ती सर दिली तर दोघेही ते प्राक्तन म्हणून सोसतात. शासनाच्या निर्णयाने ती आली असेल, तर बागायतदाराने भरपाई मागावी काय, आणि मागितल्यास ती सर बीजनामुळेच आली हे त्याने सिद्ध कसे करावे?

अन्य देशांतील न्यायालयांसमोर हा प्रश्न यापूर्वीच आला आहे. १९५० साली पाणीटंचाईने ग्रस्त न्यूयॉर्क शहराने कॅट्सकिल पर्वतराजीवर मेघबीजनाचा बेत केला, तेव्हा तेथील एका विश्रामस्थळाच्या मालकांनी पर्यटनाचे नुकसान होईल म्हणून मनाई मागितली. महानगराची पाण्याची गरज अधिक मोठी मानून न्यायालयाने ती नाकारली. याउलट, टेक्सासमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस गारपीट टाळण्यासाठी पिकवाल्या शेतकऱ्यांनी चालविलेल्या बीजनाविरुद्ध पशुपालक न्यायालयात गेले. निसर्गतः जमिनीवर पडणाऱ्या पावसावर जमीनधारकाचा हक्क असल्याचे मानून त्यांच्या जमिनींवरील बीजनास तेथे मनाई करण्यात आली. एका निवाड्यात बहुसंख्यांची गरज वरचढ ठरली, दुसऱ्यात व्यक्तीचा हक्क. दोन्ही निवाडे परस्परविरोधी वाटले तरी हा वाद न्यायनिवाड्यास पात्र आहे, हे दोन्ही न्यायालयांनी मान्य केले. महाराष्ट्रात अद्याप तेवढेही घडलेले नाही.

५. धरणातील पाणी आणि ढगातील पाणी

ही उणीव विशेष खटकण्याचे कारण असे की, वाहत्या पाण्याच्या बाबतीत याच खोऱ्याने न्यायाची एक प्रगत चौकट घडविली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) मध्ये टंचाईच्या काळात खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील धरणे आणि खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी, असा हा वाद आहे. मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालानंतर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र त्यातून रूढ झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले.

या सूत्रावर नाशिककरांचे आक्षेप आहेत, मराठवाड्याचेही आहेत. पाणी सोडण्याच्या दिवशी बंदोबस्त लावावा लागतो, मोर्चे निघतात, याचिका दाखल होतात. तथापि, तेथे मोजमाप आहे, तारीख आहे, प्राधिकरण आहे आणि अपिलाची वाट आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये वरच्या धरणांतून सुमारे १२.८ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा कोणत्या धरण-समूहाने किती द्यावयाचे हे लेखी होते. त्याच वर्षी याच प्रदेशातील ढगांवर जे बीजन झाले, त्याबाबत असे कोणतेही वाटपतत्त्व नव्हते. येवल्यावर बीजन केलेल्या ढगाचा लाभ मोसमी वाऱ्याच्या दिशेने वैजापूरला व्हावा की येवल्यालाच, हे ठरविणारे कोणी नव्हते.

'पाऊस चोरी'चा आरोप शास्त्राच्या कसोटीवर बहुधा फोल ठरतो, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. वाहत्या हवेतील बाष्पाचा अल्पसा अंशच पावसाच्या रूपाने खाली येतो. त्यात थोडी वाढ केल्याने पुढच्या प्रदेशाचा वाटा नाहीसा होतो असे दिसत नाही. परंतु अविश्वास निर्माण होण्यास सिद्ध हानीची आवश्यकता नसते. २००४ साली चीनच्या हेनान प्रांतात एका शहराने दुसऱ्यावर पाऊस पळविल्याचा आरोप केला होता. सातारा-सांगलीच्या पठारी गावांत पवनचक्क्या ढग पिटाळून लावतात, ही समजूत अनेक वर्षे प्रबळ होती. पवनचक्क्यांविषयी जर असा संशय येऊ शकतो, तर मुद्दाम ढगात शिरणाऱ्या विमानाविषयी तो येणारच. जायकवाडीच्या वादाने आधीच तापलेल्या खोऱ्यात आकाशातील पाण्याचा आणखी एक वाद उभा राहू द्यायचा नसेल, तर नोंदी खुल्या ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा राज्यसूचीतील विषय आहे, आंतरराज्य नद्या आणि हवामानविषयक संस्था या संघसूचीत आहेत. ढगाचा उल्लेख कोठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ (१९९६) या प्रकरणात हवा, पाणी, वने यांसारख्या साधनसंपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व भारतीय कायद्यात प्रस्थापित केले. ढग म्हणजे हवेतील पाणी. या तत्त्वाच्या कक्षेतून तो वगळण्याचे कोणतेही तर्कसंगत कारण दिसत नाही. आणि विश्वस्ताचे पहिले कर्तव्य हिशेब देणे हे असते.

६. काळ, खर्च आणि पर्याय

कार्यक्रमांच्या वेळेचा विचारही उद्बोधक आहे. २०१९ चा कार्यक्रम ९ ऑगस्ट रोजी औरंगाबादहून सुरू झाला. त्या आठवड्यात कोल्हापूर-सांगली महापुराखाली होते आणि ४ ऑगस्टला नाशिकमध्ये गोदावरीला मोठा पूर येऊन गेला होता. त्या ऑगस्टमध्ये जायकवाडीचा साठा झपाट्याने वाढला तो प्रामुख्याने नाशिककडून वाहून आलेल्या पाण्यामुळे. मराठवाड्याच्या तहानेचे उत्तर आकाशात शोधले जात असताना ते नदीच्या पात्रातून येत होते.

खर्चाचे गणितही दुर्लक्षून चालत नाही. सोलापूरच्या प्रयोगात सुमारे ८६.७ कोटी लिटर अतिरिक्त पाणी उपलब्ध झाले आणि त्याचा खर्च लिटरला १८ पैसे आला, असे संशोधकांचे अनुमान आहे. स्वदेशी विमान वापरल्यास तो निम्म्याहून कमी होऊ शकतो, असेही त्यांनी म्हटले आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. त्या मानाने ८६.७ कोटी लिटर म्हणजे एक टीएमसीचा जेमतेम तेहतिसावा हिस्सा. २०१५ साली सोडावयाच्या १२.८ टीएमसी पाण्याशी तुलना केली तर ते चारशेपटीहून कमी भरते. प्रायोगिक बीजनाची आणि धरणाच्या विसर्गाची तुलना काटेकोर नसते, आणि शेतात पडलेल्या सरीचे मोल लिटरमध्ये मोजता येत नाही, हे खरे. तरीही कोणता उपाय मुख्य आणि कोणता पूरक, याचा निर्वाळा या आकड्यांतून मिळतो. पूरक उपायाला टंचाईच्या वर्षी मुख्य उपाय म्हणून सादर करणे हे जनतेच्या आशेचे अवमूल्यन आहे.

७. संभाव्य आक्षेप

'दुष्काळात पाच टक्के शक्यता असली तरी प्रयत्न का करू नये?' हा आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. ज्याचे पीक डोळ्यांदेखत करपत आहे, त्याला संख्याशास्त्रीय अर्थपूर्णतेच्या गोष्टी सांगणे क्रूर वाटते. या आक्षेपाला उत्तर असे की, प्रयत्न करण्यास प्रत्यवाय नाही. प्रयत्नाची शक्यता पाच टक्के आहे हे लपविण्यास आहे. वैद्य अनिश्चित उपचार करतो तेव्हा रुग्णाला ती अनिश्चितता सांगणे त्याच्यावर बंधनकारक असते. मेघबीजनात 'रुग्ण' हा संपूर्ण तालुका असतो आणि त्याची संमती घेण्याची कोणतीही रीत अस्तित्वात नाही. ग्रामसभा हा त्यासाठी परिपूर्ण नसला तरी उपलब्ध मार्ग आहे.

दुसरा आक्षेप रसायनांविषयीचा. बीजनात वापरल्या जाणाऱ्या सिल्व्हर आयोडाइडचे वा क्षारांचे प्रमाण क्षेत्राच्या मानाने अत्यल्प असते. आजवरच्या अभ्यासांतून मोठ्या हानीचा पुरावा पुढे आलेला नाही. त्यामुळे या मुद्द्यावर भय पसरविणे उचित नाही. मात्र वारंवार बीजन होणाऱ्या क्षेत्रातील माती-पाण्याची नियमित तपासणी व्हावी, ही अपेक्षा रास्त आहे.

तिसरा आक्षेप नियमनामुळे संशोधन खुंटेल हा. वस्तुस्थिती उलट आहे. १९७७ साली स्वाक्षरीसाठी खुला झालेला आंतरराष्ट्रीय करार लष्करी हेतूने पर्यावरण बदलण्यास मनाई करतो, शांततामय उपयोगास नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने १९६७ ते १९७२ या काळात केलेल्या गुप्त मेघबीजनाच्या अनुभवानंतर तो अस्तित्वात आला. या क्षेत्रात अपाय गुप्ततेने केला आहे, नियमनाने नाही.

८. निष्कर्ष

कृत्रिम पावसाचा नैतिक प्रश्न 'मनुष्याने निसर्गात हस्तक्षेप करावा का' या व्यापक रूपात मांडला की तो अनुत्तरित राहतो. धरणे, कालवे आणि विंधनविहिरींनी जलचक्र केव्हाच बदलून टाकलेल्या नाशिकसारख्या जिल्ह्यात तो काहीसा कृतकही वाटतो. हाच प्रश्न उत्तरदायित्वाच्या परिभाषेत मांडला तर त्याला निश्चित उत्तरे मिळतात.

पहिले, सार्वजनिक निधीतून होणाऱ्या प्रत्येक मेघबीजनात तुलनेची सोय असावी आणि मूल्यमापन कंत्राटदाराखेरीज अन्य स्वतंत्र संस्थेने करावे. दुसरे, बीजनाचे स्थळ, वेळ, रसायन आणि तदनंतरचा पाऊस यांची दैनंदिन नोंद तालुकास्तरावर खुली असावी. तिसरे, बीजनाचे वेळापत्रक ठरविताना वाऱ्याच्या दिशेकडील तालुक्यांतील पीकस्थिती विचारात घ्यावी आणि हानीचे दावे ऐकण्यासाठी प्राधिकरण नेमावे. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कक्षेत ही जबाबदारी आणणे अशक्य नाही. चौथे, मेघबीजनाचा उल्लेख दुष्काळ निवारणाच्या मुख्य उपायांत न करता पूरक उपायांत करावा.

गोदावरीच्या पाण्याचा प्रत्येक टीएमसी मोजून मागणारे आणि मोजून देणारे हे खोरे आहे. जमिनीवर उतरलेल्या पाण्याबाबत इतका काटेकोर असलेला समाज, तेच पाणी हजार मीटर उंचीवर असताना मात्र ते कोणाच्याही विवेकाधीन सोडतो, ही विसंगती पुढील टंचाईच्या वर्षापूर्वी दूर होणे इष्ट आहे. कारण टंचाईच्या वर्षी विमाने उडतात आणि हिशेबाची मागणी मागे पडते.